गिटारीचं दावं

॥ जय मल्हार ॥

मुकुंदवाडी, औरंगाबाद
रविवार, ६ एप्रिल २००३

ती. दादा,

पायांवर डोकं ठेवते.

पिशोरच्या गाडीनं आलं ते असं: ज्वारी अर्धं पोतं, भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं, लोकरीचं घोंगडं. हमाल आठ रुपये, कंडक्टरचा चहा पाच, स्टँडवरून रिक्षा पंचवीस. दोन हजारांची मनिऑर्डर गुरुवारी मिळाली. पोस्टमन खुशाली मागत दारात रेंगाळला, त्याला गूळपाणी दिलं आणि वाटेला लावलं. ज्वारीत सोंडे निघाले. शेंगा निम्म्या पोचट. गाडीत पोत्यावर कुणीतरी तंबाखूची पिचकारी मारलेली, आणि ती धुवायला पाणी नाही, कारण नळ आता चार दिवसांआड येतो. आला तरी पहिल्या दोन घागरी गटाराचा वास. घोंगडं मात्र झकास आहे, वहिनींना सांगा.

आता तुमच्या कामाचं. "ज्ञानूसाठी जुनी गिटार बघ, पण करंटवर वाजणारीच बघ." दादा, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. टँकरमागं बाया घागरी घेऊन पळतायत, तुम्ही निम्मी मेंढरं मातीमोल विकली, आणि त्या पैशाची गिटार? आपल्या घरात जागरणाला तुणतुणं वाजलं, डिमडी वाजली. गिटार मी फक्त टीव्हीवर बघितली, आणि ती वाजवणाऱ्या पोराच्या डोक्यात कंगवा कधी फिरला नव्हता.

सोबत तुमच्या लेकीची, ज्ञानूची, चिठ्ठी होती म्हणून उलगडा झाला. कन्नडच्या नव्या इंग्रजी शाळेला गाण्याची बाई पाहिजे. पेटीवाल्या ढीगभर आहेत, त्यांना गिटारवालीच पाहिजे, म्हणजे जाहिरातीच्या कागदावर फोटो छापता येतो. वीट आणला बाई ह्या शाळांनी. गिटार पोरीनं स्वतःची आणायची, आणि ती शाळेच्या भोंग्यातून मैदानभर ऐकू गेली पाहिजे, म्हणून करंटवाली. आणि तुम्ही तिला शब्द देऊन बसलात: शाळेनं ठेवून घेतलं तर लग्न दोन वर्षं पुढं, नाही ठेवलं तर ह्याच वैशाखात सामुदायिक विवाहात अक्षता.

मला हे पटलेलं नाही, मी तोंडावर सांगते. स्थळ मी आणलंय. काकासाहेब भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलत भाऊ, वाळूजच्या कंपन्यांना माणसं पुरवायचा ठेका, रांजणगावात दुमजली घर. ह्यांचं कामही त्यांच्याच ठेक्यावर आहे. विश्वजीत त्यांचा एकुलता एक, बापाच्या हाताखाली हजेरी बघतो, तंबाखूला शिवत नाही, खंडोबाचा उपास म्हणून रविवार धरतो. हुंडा नको म्हणाले. असं पोरगं दोन वर्षं कोण थांबवून ठेवेल?

तरी भावाचं काम म्हणून पैठण गेटला एका वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराच्या तोंडात गुटखा, बोलताना माझ्या पदरावर शिंतोडे. नवीची किंमत ऐकून मी खालीच बसले. जुनी आहे का विचारलं तर मागच्या पडद्याआडून एक काढली, फुंकर मारली, ती धूळ सगळी माझ्या तोंडावर. पोटाच्या भोकातून आत बघितलं तर झुरळांची अंडी. मी म्हटलं, "हे काय आहे?" तर म्हणतो, "आजी, हे कॉलेजच्या पोरींचं काम, तुम्हाला नाही समजायचं." आजी! माझी मोठी अजून दहावीला आहे. घरी येऊन आंघोळ करावीशी वाटली, पण पाण्याचा वार नव्हता.

विश्वजीतला कळलं तर तो म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला हिंडता? मी शोधून देतो, माझ्या ओळखीत एक आहे." बघा दादा. जिच्यामुळं स्वतःचं लग्न लांबणार, ती वस्तू हा पोरगा शोधून देतोय. एवढं मोठं मन आजकाल कुठं बघायला मिळतं?

ज्ञानूनं स्वतः येऊन बघितली असती तर बरं झालं असतं, पण बोलणी चालू असताना मुलीनं मुलाच्या गावात फिरणं चांगलं दिसत नाही. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. काय बघून घ्यायची ते लिहा.

तुमची
सरू


पिशोर, ता. कन्नड
११ एप्रिल

सरू,

पत्र पावलं. सोंड्याचं तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणती, पोतं पिशोरातून निघालं तवा सोंडे नव्हते, शहरात गेल्यावर आत शिरले.

मला गिटार कळत नाय. जनावर कळतं. तसंच घे. इकायच्या दिवशी जनावराला गुळाचं पाणी पाजत्यात, अंगाला तेल चोळत्यात, तवा चकाकी बघून भुलू नको. मान सरळ हाय का बघ. पोटावरनं हात फिरव, कुठं फुगलंय का, कुठं चिरलंय का. चालवून बघितल्याबिगर पैसं काढू नको. मालक लई घाई करायला लागला तर उठून ये. आन् सौदा झाला की दावं तिथंच सोड, ध्यानात हाय ना? आपल्या आबांनी तांबडा खोंड आणला तवा घरचा कासरा कमरंला गुंडाळून नेला हुता. दुसऱ्याच्या गोठ्याची बरकत त्याच्या दाव्यात असती. ती ओढून आणली की जनावर आपल्याकडं रमत नाय.

विश्वजीतचं तू लिहिलंस ते बरं वाटलं. तू बघितलंस म्हणजे आमी बघितल्यासारखंच. पर ज्ञानूला शब्द दिलाय तो दिलाय. पोरगी टँकरच्या रांगंत बी गुणगुणती, बाया हसत्यात. शाळंनं ठेवली तर थांबायचं, नाय ठेवली तर वैशाखात उरकायचं. दोन्ही अंगांनी माझी तयारी हाय. दाजींना, खंडेरावांना, रामराम.

मल्हारराव

आत्या, आण्णांच्या पत्राखाली जागा उरली म्हणून लिहिते. ते म्हणतात ते बरंचसं लागू पडतं. मान म्हणजे लांब दांडा. एक डोळा मिटून टोकाकडून बघा, वाकलेला दिसला तर घेऊ नका. पोटावर जिथं तारा अडकवतात ती पट्टी उचलून आलेली नको. ह्या उन्हात लाकूड तडकतं, तेही बघा. कान पिळून सोडले की आपोआप मागं फिरायला नकोत. बाजूला एक डबी असते, तिच्यात चौकोनी सेल बसतो, तिथं हिरवट पाणी सुटलेलं नको. बुडाला वायरीचं भोक असतं, ते ढिलं नको. रंग कसलाही चालेल. कॉलेजात मैत्रिणीच्या गिटारीवर शिकले, तेव्हा हे सगळं बघून ठेवलंय. तुम्हाला ह्या सगळ्याचा राग येतो हे मला माहीत आहे. पण मला शाळेत एकदा उभं राहू द्या, मग काय म्हणायचं ते म्हणा.
तुमची ज्ञानू


॥ जय मल्हार ॥

मुकुंदवाडी
सोमवार, २१ एप्रिल

ती. दादा,

गिटार घेतली. तुमच्या घोंगड्यात गुंडाळून, वर सुतळी आवळून परवाच्या, बुधवारच्या पिशोर गाडीला देते. कंडक्टर लगेजचे वीस म्हणतो, मी पंधरा देणार. स्टँडवर ज्ञानूलाच पाठवा, दुसऱ्या कुणाला नको.

आता कशी घेतली ते ऐका, कारण मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय जेवण जाणार नाही.

आधी बुधवारी एका बातमीवरून उस्मानपुऱ्यात गेले, कॉलेजची पोरं राहतात तिथं. खोलीत पाऊल टाकायला जागा नाही. बनियनी, ताटं, ताटांत कालचं वरण वाळलेलं. गिटारीवर हाडांच्या सापळ्याचं चित्र चिकटवलेलं. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं, उलटी केली तर विड्यांची थोटकं आणि राख. म्हणजे पोटाचा उकिरडा केला होता. पोरगा म्हणतो, "काकू, आवाज बघा ना." मी म्हटलं, "बाळा, तुझ्या आईनं ही खोली बघितली आहे का?" बाकीची फिदीफिदी हसायला लागली. सरस्वतीची वस्तू, आणि तिच्यात राख झटकतात. मला इतकी किळस आली की येताना सिटी बसमध्ये मी हात पदराला लावला नाही.

म्हणून काल इथल्या सातारा गावच्या खंडोबाचं दर्शन घेतलं आणि विश्वजीतच्या ओळखीतली गिटार बघायला तिथूनच काळ्या-पिवळ्या जीपनं रांजणगाव गाठलं. देवळाच्या रस्त्याला आता नुसते प्लॉटचे दगड. माणसाला प्यायला पाणी नाही आणि बांधकामावर टँकर उपडे होतायत. रांजणगावचं तर विचारू नका. कंपनीच्या मागच्या नाल्याला तांबडं पाणी, त्यात डुकरं लोळतात, आणि नाल्याच्या काठाला माणसांची घरं. विश्वजीत फाट्यावर उभाच होता, खांद्यावर धुतलेला टॉवेल. बोळातून जाताना म्हणाला, "काकू, पैसे किती आणलेत? म्हणजे मला बोलायला बरं." मी सांगितलं, दोन हजार दादांचे, वर माझ्या डब्यातले सहाशे. (ते सहाशे मी मागत नाही. लिहिले फक्त.)

माणसाचं नाव पुंडलिक. लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. दुष्काळानं खेड्यातली लग्नं एकाच मांडवात व्हायला लागली, बँड कोण सांगतो? आता कंपनीत खोकी उचलतो. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, चहा ठेवला. मी उपास सांगून नाकारला. उपास होताच, पण खरं कारण तो नाला. त्या वासात माझ्या घशाखाली काही उतरलं नसतं.

गिटार बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. उघडली तर स्वच्छ. मी मान धरली, एक डोळा मिटला, सरळ. पोटावरून हात फिरवला, पट्टी बसलेली, एक बारीक चीर आहे पण वरच्या रंगाला. कान पिळले. डबी उघडून सेल बघितला. पुंडलिक बघतच राहिला. "मावशी, तुम्ही वाजवता व्हय?" मी म्हटलं, "मी पोळ्या करते, बाबा. तू वाजव." त्यानं वायर खुपसली, दुसरं टोक एका काळ्या खोक्यात खुपसलं आणि बोटं फिरवली. दादा, खोटं कशाला लिहू, आवाज आला तसा माझा हात पदराकडं गेला, देवळात घंटा झाली की जातो तसा. वस्तू वाईट नाही. माणसं वाईट हाताळतात.

मग विश्वजीतनं काय केलं माहीत आहे? खांद्यावरचा टॉवेल पुंडलिकच्या हातावर टाकला, खाली हात घातला आणि बोटं दाबायला लागला. अगदी आपल्या जनावरांच्या बाजारात कापडाखाली बोटांनीच भाव ठरवतात तसं! मी बघतच राहिले. कंपनीच्या धुरात वाढलेला पोरगा, पण रीत विसरला नाही. एकदा दाबलं, पुंडलिकनं मान हलवली. परत दाबलं, पुंडलिक बायकोकडं बघायला लागला. मग हात सुटले आणि विश्वजीत म्हणाला, "काकू, सव्वीसशेला ठरलं." परतीचं भाडं सोडलं तर माझ्याजवळ नेमके तेवढेच. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. मी मनातल्या मनात खंडोबाला हात जोडले, त्यानंच जुळवून आणलं.

निघताना पुंडलिक पट्टा आणि वायर माझ्या हातात द्यायला लागला. तुमचं लिहिलेलं डोक्यात होतंच. मी हात जोडले, म्हटलं, "तुमचं दावं तुमच्यापाशी राहू द्या. आमचं आम्ही बघू." त्यानं विचारलं, "दावं कसलं?" विश्वजीतला मात्र लगेच उमगलं. हसून म्हणाला, "राहू द्या हो, आमच्यात नेत नाहीत." मला किती बरं वाटलं सांगू! भोंगा शाळेचा आहे म्हणजे वायर शाळेकडं असणारच. पट्ट्याला ज्ञानूनं जुन्या ओढणीची घडी लावावी.

शाळेत काय झालं ते कळवा. मला विचाराल तर पोरीनं एकदा हौस भागवावी आणि वैशाखात बोहल्यावर उभं राहावं. असा जावई पुन्हा मिळायचा नाही.

सरू


पिशोर
शनिवार, २६ एप्रिल

आत्या,

गिटार बुधवारी सुखरूप मिळाली. घोंगडं सोडलं आणि मी अंगणातच बसले. तुम्ही इतकी नीट बघून घेतली आहे की मला काही बोलायला जागा नाही. मान सरळ, कान घट्ट, आवाज गोल. आई म्हणाली, सरूवन्सं मनापासून शिव्या देतात आणि मनापासून काम करतात.

पण काल शाळेत वाजली नाही.

म्हणजे हातानं वाजली, भोंग्यातून नाही. संस्थेचे लोक खुर्च्यांवर, समोर मुलं. भोंगेवाला म्हणाला, "वायर द्या." मी म्हटलं, तुमच्याकडं असेल ना. त्यानं माईकची वायर दाखवली. तिच्या एका टोकाला पीन आणि दुसऱ्या टोकाला माईक. गिटारीला दोन्ही टोकांना पीन असलेली लागते. मग त्यानं माईकच गिटारीसमोर धरला. कर्कश शिट्टी वाजली, मुलांनी कानांवर हात ठेवले आणि हसायला लागली. एक संचालक म्हणाले, "बाई, ही मुकी आणली काय?" त्यावर मोठी माणसंही हसली. कन्नडला दोन दुकानं पालथी घातली, तशी वायर मिळाली नाही. हेडमास्तर भले आहेत, म्हणाले, पाच मेच्या सोमवारी सुट्टीआधी संस्थेचे लोक शेवटचे येतील, तेव्हा एकदा या. त्यानंतर पेटीवाल्या बाईंना घेणार.

सामुदायिक विवाहात नावं द्यायची मुदत सहा मेपर्यंत आहे. आण्णांनी तालुक्याला निरोप पाठवून ठेवलाय.

तुमच्यावर मी रागावलेली नाही. तुम्ही रीत पाळली. पण आत्या, गिटार खुंट्याला बांधायची नसते हो.

ज्ञानू

सरू, खालचं मी लिहितोय.

दाव्याचं मीच लिहिलं हुतं, तवा निम्मी चूक माझी. पोरगी कालपासनं गुणगुणली नाय. रांगंतल्या बाया इचारत्यात, हिला काय झालं.

पर मला दुसरंच खटकलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कापडाखाली हात घातला व्हय त्यानं? कुणाचा? इकणाऱ्याचा. तुझा का नाय? बाईचा हात धरता येत नाय हे खरं, मंग तोंडानं इचारायचं, कितीवर थांबू म्हणून. त्यानं फकस्त पिशवीत किती हायत ते इचारलं. आन् सौदा नेमका तेवढ्यालाच ठरला. सरू, देव एवढा बारीक हिशेब करत नाय. दलाल करतो. मी मेंढरं घेऊन सगळं आयुष्य बाजारात उभा राहिलोय. जो घेणाऱ्याची पिशवी बघतो आन् इकणाऱ्याची बोटं दाबतो, तो घेणाऱ्याचा माणूस नसतो.

मी चुकत असंल. चुकत असलो तर बरंच हाय. वायर आणायला तुला जावंच लागंल, तवा इचारून ये. गड्याला इचारू नको, बाईला इचार.

मल्हारराव


॥ जय मल्हार ॥

मुकुंदवाडी
बुधवार, ३० एप्रिल

ती. दादा,

तुमचं पत्र वाचून मला तुमचा संताप आला होता. म्हटलं, म्हातारपणी ह्यांना सगळी दुनिया बाजारच दिसते. खात्री करायला नव्हते गेले, तुम्हाला खोटं पाडायला काल रांजणगावला गेले.

चतुराबाई टँकरपाशी होती. मला बघितलं तशी कमरेवरची घागर खाली ठेवली.

"वायर न्यायला आलात ना मावशी? मला ठाऊकच होतं. म्या ह्यांना त्याच दिवशी म्हणलं, मावशी वायरीबिगर चालल्या, पळा. हे पळाले बी. बोळाच्या तोंडाशी तुमच्या पाहुण्यानं अडवलं."

"मी जीपमध्ये बसले होते. काय म्हणाला तो?"

"जाऊ द्या हो मावशी."

"चतुराबाई, माझ्या भाचीचं लग्न आहे त्याच्याशी. सांग."

तिनं आधी तोंडावरनं पदर फिरवला. "म्हणला, राहू दे, राहू दे. वाजली नाही तर माझंच लगीन लवकर लागतंय. आन् हसला. ह्यांना बी हसायला लावलं."

दादा, मला वाटलं होतं त्याला आपली रीत कळली. कळलीच होती. कळली म्हणून तर तिचा उपयोग केला.

बाकीचं तुम्ही लिहिलं तसंच. पुंडलिक दोन हजारच मागत होता. बोटं दाबून त्याला सांगितलं, सव्वीसशे घे, वरचे मला. ते सहाशे विश्वजीतनं बोळातच मोजून घेतले, तेही त्याच वेळी, माझी जीप दिसत असताना. चतुराबाई म्हणाली, "आमाला वाटलं, तुमच्या घरातच तसं ठरलं असंल. मोठ्या लोकांत असतं म्हणत्यात." मोठे लोक म्हणजे आम्ही! मी तिथंच नाल्याच्या कडेला ओकले. तिनं घागरीतलं पाणी ओंजळीत दिलं. ते टँकरचं, रबराचा वास येणारं पाणी मी प्यायले आणि आणखी मागितलं. नंतर तिच्या घरात बसून चहाही घेतला.

तिथून सरळ काकासाहेब भाऊजींच्या घरी. खाली ठेक्याची माणसं पगाराला ताटकळत उन्हात उभी, वर कूलरसमोर बापलेक कलिंगड खात बसलेले. फरशीवर बिया, त्यांवर माश्या. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं बोलले. मला वाटलं होतं बाप पोराच्या कानाखाली वाजवेल. भाऊजी हसले.

"एवढंच ना? वहिनी, मला वाटलं काय झालं नि काय नाही. विश्या, काकूचे सहाशे आण रे."

नोटा आणून टीपॉयवर ठेवल्या, कलिंगडाच्या सालीशेजारी.

मी म्हटलं, "पैशासाठी आले नाही मी."

"मग कशासाठी? अहो, ठेक्यात मी खातो, कंपनीतला साहेब माझ्याकडून खातो. न खाणारा जावई तुम्ही कुठल्या देवळात शोधणार? पोरगं चलाख आहे म्हणून उलट खूश व्हा."

तोपर्यंत विश्वजीतनं तोंड पुसलं. म्हणाला, "काकू, गंमत केली हो. आणि लग्न झाल्यावर त्या गिटारीचं इथं काय काम होतं? विकूनच टाकणार होतो. गिऱ्हाईक पण बघून ठेवलंय."

दादा, ते पोरगं लाजलं नाही. घाबरलंही नाही. त्याला खरंच वाटत होतं की हे ऐकून माझं समाधान होईल. उस्मानपुऱ्याची पोरं घाणेरडी होती, पण त्यांची घाण वर दिसत होती. ह्याचा टॉवेल परीटघडीचा. रविवार धरतो हे मी तुम्हाला कौतुकानं लिहिलं होतं, ते शब्द आता आठवले की तोंड कडू होतं. ज्या रविवारी त्यानं हे केलं, त्या दिवशीसुद्धा त्यानं उपास मोडला नसेल.

मी म्हटलं, "सुपारी फुटली नाही, तेवढी देवाची कृपा. पिशोरचा विषय इथंच संपला."

भाऊजींचं हसू गेलं. "खंडेराव कुणाच्या ठेक्यावर आहे ते ध्यानात आहे ना वहिनी?"

"आहे," म्हटलं आणि जिना उतरले. नोटा तिथंच राहिल्या.

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पाय धुवायचा तांब्या मोरीत खाली ठेवला. मला वाटलं आता चिडतील, चिडायचा त्यांना हक्क होता. वीस वर्षांचं काम आहे त्यांचं. हे म्हणाले, "वायर कुठल्या गाडीनं पाठवायची?" मी म्हटलं, सकाळच्या. तर म्हणाले, "मी देतो नेऊन. आता त्या पाळीला गेलो काय नि नाही काय." भाकरी मात्र निम्मीच खाल्ली.

तर ह्या पत्राबरोबर पाठवते: दोन्ही टोकांना पीन असलेली वायर एक, पट्टा एक, चौकोनी सेल नवा एक. वायरीचे आणि पट्ट्याचे पुंडलिकनं काही घेतले नाहीत. कंडक्टरचं ओळखीनं चहावर भागेल. वायर पुंडलिकनं माझ्यासमोर लावून, वाजवून दाखवली आहे, आणि ह्या खेपेला मी दोन्ही टोकं स्वतः हातानं खुपसून बघितली. बरकतीचं मी चतुराबाईला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, न्या हो, आमच्या गोठ्यात आता बांधायला हायच काय."

दादा, आता तुमच्याशी बोलते. तालुक्याला निरोप पाठवलात तो आजच मागं घ्या. विश्वजीत नाही तर दुसरा कुणी, मांडव आहेच तर उरकून टाकू, असं तुमच्या मनात येईल. मी तुमची बहीण आहे, मला माहीत आहे. येऊ देऊ नका. तुम्ही शब्द दिला होता तो गिटार वाजण्यावर दिला होता, आणि ती वाजू नये म्हणून माणसं बोळात उभी होती. असल्या परीक्षेवर पोरीचं लग्न ठरवायचं असेल तर मला त्या अक्षतांना बोलावू नका, मी येणार नाही.

सोमवारी शाळेनं घेतलं तर उत्तमच. ते जाहिरातवाले मला अजूनही आवडत नाहीत, आणि पोरीच्या गिटारीला मुकी म्हणणाऱ्या संचालकाला माझ्यासमोर आणलं तर मी त्याची काय हजेरी घेईन ते इथं लिहीत नाही. नाही घेतलं तर ज्ञानूला माझ्याकडं पाठवून द्या. मुकुंदवाडीतच पत्र्याच्या शेडमध्ये दोन इंग्रजी शाळा निघाल्यात. मुलांना प्यायला पाणी ठेवत नाहीत, पण भोंगा दोन्हीकडं आहे. मी जाऊन विचारून येईन. ह्यांचं काम राहिलं तर तीन भाकरी, गेलं तर दोन, त्यात तिची एक असेल.

वैशाख, शाळा, विश्वजीत, हे सगळं तुम्ही ठरवलं आणि मी ठरवलं. पोरीनं काय मागितलं, तर शाळेत एकदा उभं राहू द्या एवढंच, आणि ते मी रागाच्या भरात वाचून पुढं गेले. तेव्हा सोमवारी काय झालं, आणि तिला पुढं काय करायचं आहे, ते उलट टपाली कळवा. पण तुम्ही लिहू नका, दादा. ज्ञानूला लिहू द्या, आणि ती लिहीत असेल तोवर मेंढरांकडं जाऊन या.

सरू